बॉटल टू थ्रॉटल आणि ती निळी गोळी

कानात इअरफोन आहेत ना? असू द्या. आजचा विषय घरात स्पीकरवर लावून ऐकण्यातला नाही.

मी को-पायलट आहे हे तुम्हाला माहितीये. आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून एक वाक्य पाठ होतं : ‘एट अवर्स, बॉटल टू थ्रॉटल’. दारूचा शेवटचा घोट आणि विमान हातात घेणं, यात किमान ८ तास. हा अमेरिकेतला नियम. आपल्या डीजीसीएचा १२ तासांचा. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायाग्रा आली आणि त्याच चालीवर नवं वाक्य निघालं, ‘व्हायाग्रा टू थ्रॉटल’. सगळे खो-खो हसले. पण गंमत अशी, की तो नुसता जोक नव्हता. तिथल्या एफएएनं खरंच सांगितलं होतं, गोळी घेतली तर ६ तास उडायचं नाही. पुढे ते ८ तास झाले. टॅडालाफिल नावाची दुसरी गोळी शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून तिला २४ तास.

का थांबायचं? एक तर या गोळीनं रक्तवाहिन्या सैलावतात. त्यानं बीपी उतरू शकतं, डोकं दुखतं, गरगरतं. दुसरं कारण डोळ्यांचं. व्हायाग्रा ज्या एन्झाइमला अडवते, त्याचा एक भाऊबंद आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतो. त्यालाही थोडा धक्का बसतो. मग काही जणांना सगळं निळसर दिसतं, निळ्या-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. आता रात्रीचा विमानतळ डोळ्यासमोर आणा. टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे, मधोमध हिरवे. कळलं ना?

तर हा जोक आमच्याकडेही चालतो. हॉटेलवरून निघालेली क्रूची गाडी, पहाटेचे साडेतीन. कोणीतरी म्हणतं, “काय सर, टेक-ऑफला थ्रस्ट कमी पडतोय का?” की हशा. एकदा मीच असं म्हणालो, एका सीनियर कॅप्टनला. सगळे हसले, तेही हसले. पण मग विमानतळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

काही महिन्यांनी चहा पिताना ते स्वतःच म्हणाले, “अरे, त्या दिवशी तू गमतीत बोललास, पण माझं तेच चाललं होतं.” दोन वर्षं ते गुपचूप गोळ्या घेत होते. मेडिकलमध्ये कोणाला कळू नये म्हणून चिठ्ठीशिवाय मागवलेल्या. शेवटी बायकोनं हट्टानं तपासणी करायला लावली. निघाला डायबेटिस. काही महिने घरी बसले, साखर आटोक्यात आली, परत उडायला लागले.

मला तेव्हा कळलं, की हा जोक करणं सोपं, पण तीच गोष्ट डॉक्टरला सांगणं अवघड. आणि सांगायला हवं, कारण ‘तिथल्या’ रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. बिघाड आधी तिथे दिसू शकतो, हृदयात नंतर. म्हणजे कॉकपिटमध्ये पेटतो तसला हा वॉर्निंग लाइट. गोळी दिवा विझवते, पण बिघाड तसाच राहतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पायलट आहोत! पण मित्राच्या मित्राकडून, ऑनलाइन, चिठ्ठीशिवाय ही गोळी घेणारे तुमच्या ग्रुपमध्येही असतील. त्यांना एवढं सांगा, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं ही गोळी कधीच घ्यायची नाही. बीपी इतकं कोसळू शकतं, की जीव जाईल.

ते कॅप्टन अजून जोक करतात, बरं का. फक्त गाडीतून उतरताना एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतात, “खरंच काही आहे का रे?”

चला, भेटू पुढच्या भागात. हसत राहा, आणि हसून झालं की विचारत राहा.