दूध काढण्याचा पंप



साठी उलटलेल्या शिक्षकानें या विषयावर बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या हातून घडलेल्या चुकीनेंच मला आज येथें बोलावयास लाविलें आहे.

सुनेची बाळंतपणाची रजा संपली, तेव्हां नात पांच महिन्यांची होती. देवपुराहून पांझरा ओलांडून कामावर जावयाचें, म्हणून दूध काढण्याचा पंप हवा, असें तिनें सासूस सांगितलें, सासूनें मला. मीं दुकानांतून सर्वांत स्वस्त तो उचलला. जुन्या मोटारीच्या भोंप्यासारखा रबरी फुगा असलेला. दूध फुग्यांत शिरे, आणि तो आंतून धुतां येईना. ओढ आवरतां न आल्यानें तिला जखमही झाली. चार दिवस ती कांहीं बोलली नाहीं. सासऱ्यानें आणलेल्या वस्तूस वाईट कसें म्हणावें!

पुढें एका परिचारिकेनें तिला प्रथम हातानेंच दूध काढावयास शिकविलें. स्तनाग्राभोंवतींच्या काळसर वर्तुळाच्या कडेस अंगठा व बोटें ठेवावीं, छातीकडे दाबावीं, मग एकमेकांकडे आणावीं. त्वचेवर घासूं नयेत. कधीं काळीं काढावयाचें असेल तर एवढें पुरतें. रोज काढावयाचें असेल तर विजेचा पंप सोयीचा, आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसेल तेथें बॅटरीवर चालणारा बरा. किंमतीपेक्षां दोन गोष्टी पाहाव्या. दुधाचा स्पर्श होणारा प्रत्येक भाग सुटा होऊन धुतां आला पाहिजे. आणि तोंडाशीं असलेल्या नरसाळ्याचें माप अंगाला बसलें पाहिजे. स्तनाग्र नळींत मोकळें हलावें. दुखलें तर माप चुकलें किंवा ओढ अधिक झाली. नुसता जोर वाढविल्यानें दूध वाढत नाहीं.

काढलेलें दूध २५ अंशांपर्यंतच्या उष्णतेंत चार तास राहतें, शीतकपाटांत चार दिवस. आतां धुळ्याच्या वैशाखांत २५ अंश कोठून आणावे? तेथें बर्फाची पेटीच पाहिजे. पाजतांना तें विस्तवावर न ठेवतां, भांडें कोमट पाण्यांत ठेवून ऊन करावें आणि वाटी-चमच्यानें पाजावें.

घरांतील वडीलधाऱ्या बायकांना असें ‘शिळें’ दूध रुचेना. मुंबईस शीव येथील रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी काढली, आणि इतर मातांनीं काढून दिलेलें दूध तेथें अपुऱ्या दिवसांच्या बालकांस पाजतात, हें मीं सांगितलें, तेव्हां त्या गप्प झाल्या.

कामाच्या ठिकाणीं मात्र आंतून कडी लागेल अशी खोली नव्हती. त्यासाठीं सुनेला अर्ज मीं लिहून दिला. खोली मिळाली आहे. कडी अजून बसावयाची आहे.