पुड्याची मागची बाजू



वाशीम हा सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. तरीही रिसोड असो वा मानोरा, मधल्या सुट्टीत मुलांच्या हाती दिसतो तो बिस्किटांचा नाही तर वेफर्सचा पुडा. 2018 साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमची निवड झाली, तेव्हा आरोग्य व पोषण हा त्या योजनेचा एक प्रमुख निकष होता. म्हणूनच त्या पुड्यात काय आहे, हा प्रश्न येथे गौण ठरत नाही.

उत्तर पुड्यावरच छापलेले असते. पण दर्शनी बाजूस नव्हे, मागे. दर्शनी बाजू विक्रेत्याची, मागची कायद्याची. तेथे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. गव्हाच्या लोंब्या मिरविणाऱ्या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर त्या लोंब्यांचे मोल तेथेच कळते. सोडियमच्या आकड्याची अडीचपट केली की मिठाचे प्रमाण निघते. शेजारची टक्केवारी मात्र प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या मर्यादेवरून काढलेली असते : मीठ 5 ग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम. लहान मुलाची मर्यादा त्याहून कमी, हे त्या आकड्यांतून उमगत नाही.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. 2020 च्या नियमांनुसार हा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत दिला की कायद्याचे समाधान होते. मराठीस मनाई नाही, सक्तीही नाही. म्हणजे मुलासाठी पुडा घेणारी माऊली साक्षर असूनही त्या मजकुरापुढे निरक्षर ठरते. अगदी लहान वेष्टनांना तर घटक व पोषणमूल्ये छापण्यापासून सूट आहे; ती माहिती मोठ्या खोक्यावर असते आणि खोका दुकानातच राहतो.

शाकाहाराचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्यालाही कळतो. मग अति मीठ, अति साखर यांची खूण तशीच ठसठशीत का असू नये? चिली या देशाने 2016 पासून अशा पदार्थांवर काळी अष्टकोनी इशाराचिन्हे सक्तीची केली आहेत. आपल्याकडेही मराठी मजकुराचा आणि अशा स्पष्ट चिन्हाचा आग्रह ग्राहकांनीच धरावयास हवा.

तोवर बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत एक रिकामा पुडा उलटा करून मोठ्याने वाचावा. अर्थ समजला, की फुटाणे आणि शेंगदाणे यांची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही.