कमानीवरचे नाव आणि घरातली वही
(करवीर तालुक्यातील एका खेड्यात, पालकांच्या सभेत गावच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



महाराष्ट्रात आज दोन विद्यापीठांना लिहित्या बाईचे नाव आहे, तेही आपल्यासारख्या कष्टकरी घरातल्या बाईचे. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचे नाव दिले, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे. मोठ्या आनंदाची गोष्ट झाली. पण या बायांचे शब्द जगले कसे, हे आपण पाहिले पाहिजे. ते विद्यापीठाने जगवलेले नाहीत. घराने जगवले.

सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, म्हणजे आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या मुलखातल्या. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना शिकवले. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला, आणि मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली! माळ्याच्या सुनेचे पुस्तक आधी, विद्यापीठ मागून. बुलढाण्याच्या बापूजी हरी शिंद्यांनीही मुलगी ताराबाई हिला घरीच शिकवले. तिने १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून भल्याभल्यांना जाब विचारला.

बहिणाबाई तर निव्वळ शेतकरीण. माहेर असोदे, सासर जळगाव. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात गाणी सुचत ती म्हणत. अहो, आपल्या आज्याही जात्यावर ओव्या म्हणत होत्या की! कुठे आहेत त्या? गिरणी आली, जाते परड्यात पडले, आणि ओव्या आजीबरोबर मातीत गेल्या. बहिणाबाईंची गाणी उरली, कारण मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ती कागदावर उतरवून ठेवली. त्या १९५१ साली वारल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. ती वही फडताळात राहिली असती, तर कमानीवर कोणाचे नाव लागले असते?

आणि घराची साथ नसेल तर काय होते, तेही ऐका. फलटणच्या बेबी कांबळे महार समाजातल्या. किराणा मालाचे लहानसे दुकान चालवीत. मालक माल आणायला बाहेर गेले की लिहीत, आणि ते परत यायच्या आत लिहिलेले लपवून ठेवीत. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक वर्षे! शेवटी ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. २००८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि आज विद्यापीठांतून ते पुस्तक अभ्यासाला नेमतात. आत्मचरित्र लिहिणे ही काय चोरी होती, की बाईने ते लपवावे?

आपल्या करवीर राज्यात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी आपली तरुण विधवा सून इंदुमतीदेवी हिलाही शिकवले, आणि तेही राजवाड्यातला विरोध पत्करून, हे फार थोड्यांना ठाऊक असते. छत्रपतींच्या वाड्यातही “सुनेला शिकवून काय करायचे?” म्हणणारे होते. मग आपल्या पारावर असले तर नवल नाही.

त्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. धारा काढायच्या, वैरण आणायची, भांगलायला जायचे, पोरे सांभाळायची. मग सून कॉलेजला जाणार केव्हा? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात विद्यापीठ झाले, तरी गोठ्यापासून ते लांबच. म्हणून सांगतो, त्या विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय आहे. बारावी झालेल्या बाईला घरी अभ्यास करून बी. ए.ची परीक्षा देता येते. मराठी विषय घेतला, तर मघाशी सांगितलेली माणसे तिला पुस्तकातून भेटतील. तेवढ्यासाठी रोज रात्री एक तास तिच्या हातातले काम दुसऱ्या कोणी तरी घ्यावे लागेल. सासूने घ्यावे, नाही तर मालकांनी.

ज्यांच्या घरी अशी सून किंवा लेक आहे, त्यांनी बारावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यावे. प्रवेश सुरू असतील तेव्हा अर्ज भरायला मी मदत करीन. मात्र तिलाही बरोबर आणा. सही तिची लागते.