पुस्तक माळ्यावर की घरोघर?

मंडळी, बारामतीच्या मोरोपंतांची कविता कीर्तनकारांनी गावोगाव नेली. पण गुरुजी, पदरच्या पैशानं छापलेलं तुमचं पुस्तक माळ्यावरच राहिलं तर?

'बुकगंगा', 'ॲमेझॉन' अशी ऑनलाइन दुकानं आहेत खरी. पण तिथं गिऱ्हाईक शब्द टाकून शोधतं. समजा, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणच्या पक्ष्यांवर लिहून नाव ठेवलंत 'पंखांची भाषा'. रोहित पक्षी शोधणाऱ्याला ते सापडावं कसं? खाली जोडा: 'भिगवणचे पाणपक्षी'. आत काय आहे, ते चार सोप्या वाक्यांत सांगा. थोडी पानं वाचायला खुली ठेवा. आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो, तोही घ्या. घरच्यांकडून स्तुती मात्र लिहवून घेऊ नका; ॲमेझॉनला ती चालत नाही. अनोळखी वाचकाचे दोन खरे शब्द, हेच आता तुमचे कीर्तनकार.