एकसंधतेची परिसीमा : अतिसंबद्ध अवकाश

'एकसंध' या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. कागदावर ओढलेली रेषा एकसंध असते. ती मध्ये पुसली की तिचे दोन तुकडे होतात. वर्तुळ एका ठिकाणी पुसले तर ते केवळ उघडते. दोन ठिकाणी पुसले तरच त्याचे दोन भाग होतात. परंतु रेषेचा विचार बिंदूंचा संच म्हणून केला की हा उघड वाटणारा अर्थ डळमळू लागतो. बिंदू तर सगळेच सुटे असतात. मग त्यांच्या समुदायास एकसंध म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर? संस्थितिविज्ञानात, म्हणजे टोपॉलॉजीत, या प्रश्नास जी उत्तरे मिळाली, त्यांपैकी अगदी टोकाचे एक उत्तर हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. संख्यारेषेवरील फक्त परिमेय संख्या घेतल्या, तर कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये आणखी अनंत संख्या सापडतात. फट अशी कोठेच दिसत नाही. तरीही √२ पेक्षा लहान असलेल्या सर्व परिमेय संख्या एका बाजूस व मोठ्या असलेल्या सर्व दुसऱ्या बाजूस ठेवल्या, की मध्ये एकही संख्या उरत नाही आणि संचाचे दोन भाग होतात. याचा परिणाम दूरवर पोहोचतो. एखादे संतत फलन ऋण मूल्यापासून धन मूल्यापर्यंत जात असेल, तर ते वाटेत कोठेतरी शून्य झालेच पाहिजे, हे बोल्झानोने १८१७ साली सिद्ध करावयास घेतले. एखाद्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करणारे फलन १ पाशी ऋण व २ पाशी धन असते. परंतु केवळ परिमेय संख्यांच्या राज्यात ते कधीच शून्य होत नाही. म्हणजे आधारभूत संच एकसंध नसेल, तर विश्लेषणातील एक मूलभूत सिद्धांतच कोसळतो.

एकसंधतेची काटेकोर व्याख्या करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न कॅन्टरने १८८३ साली केला. त्याची कल्पना नदी ओलांडताना दगडांवर पाय ठेवीत जाणाऱ्या माणसाची आठवण करून देते. कोणतेही दोन बिंदू घ्यावेत आणि पावलाची लांबी कितीही लहान ठरवावी; संचातीलच बिंदूंवरून तितक्या लहान पावलांनी एकापासून दुसऱ्यापर्यंत जाता आले, तर तो संच संबद्ध मानावा. या कसोटीवर परिमेय संख्याही उतरतात, म्हणून संख्यारेषेसारख्या अखंड पटाचे वर्णन करताना कॅन्टरला आणखी एक अट जोडावी लागली. १८९३ साली झोर्दां याने निराळी वाट धरली. संच कसा जोडलेला आहे हे न पाहता, तो तोडता येतो की नाही हे त्याने पाहिले. लेनेस याने आणि पुढे १९१४ साली हाउसडॉर्फ याने आपल्या ग्रंथात हाच विचार व्यापक केला, आणि आज रूढ असलेली व्याख्या सिद्ध झाली.

ती व्याख्या समजण्यासाठी 'विवृत संच' ही संज्ञा ध्यानात घेतली पाहिजे. एखाद्या संचातील काही उपसंचांना विवृत म्हणून मान्यता दिलेली असते. रिक्त संच व संपूर्ण संच हे विवृत असावेत, कितीही विवृत संचांचा संयोग विवृत असावा, आणि दोन विवृत संचांचा छेद विवृत असावा, एवढ्याच अटी असतात. अशा रचनेने युक्त संचास संस्थितिक अवकाश म्हणतात. विवृत संच वगळून जे उरते ते संवृत. अवकाशाचे दोन परस्परविभक्त, अरिक्त व विवृत भाग पाडता येत नसतील, तर तो अवकाश संबद्ध होय. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या व्याख्येत बिंदूंविषयी काहीही सांगितलेले नाही. विभाजनाची जी साधने मान्य आहेत, त्यांनी विभाजन साधते की नाही, एवढेच विचारले आहे. साधने पुष्कळ असतील तर विभाजन सोपे होते, आणि मोजकीच असतील तर तेच बिंदू एकसंध राहतात.

हाउसडॉर्फने आपल्या गृहीतकांत अशीही अट घातली होती, की कोणत्याही दोन भिन्न बिंदूंभोवती परस्परांना न छेदणारे दोन विवृत संच असले पाहिजेत. कुरातोव्स्कीने १९२२ साली मांडलेल्या गृहीतकांत ही अट आवश्यक राहिली नाही, आणि त्यामुळे नव्या प्रकारच्या अवकाशांना दार मोकळे झाले. भारतातही या विषयाचे पद्धतशीर विवेचन लवकरच उपलब्ध झाले. आर. वैद्यनाथस्वामी यांचा संच-संस्थितीवरील ग्रंथ भारतीय गणित संस्थेने १९४७ साली मद्रास येथे प्रसिद्ध केला.

आता ही अट सोडून देऊन उलट टोकास जाता येईल. संबद्ध अवकाशात दोन विभक्त विवृत संच असू शकतात. ते दोघे मिळून सारा अवकाश व्यापीत नाहीत, इतकेच. परंतु दोन अरिक्त विवृत संच एकमेकांना कधीच टाळू शकत नाहीत, अशी अट घातली तर? अशा अवकाशास अतिसंबद्ध म्हणतात. हीच गोष्ट आणखी दोन प्रकारे सांगता येते. एक म्हणजे, प्रत्येक अरिक्त विवृत संच सर्वत्र दाटलेला असतो, अवकाशाचा कोणताही विवृत कोपरा त्याच्यावाचून राहत नाही. दुसरे म्हणजे, संपूर्ण अवकाश हा स्वतःहून लहान अशा दोन संवृत संचांनी झाकता येत नाही. नॉर्मन लेव्हिन याने १९६८ साली पहिल्या रूपाच्या अंगाने या अवकाशांचा अभ्यास केला. स्टीन व सीबाक यांनी संस्थितिविज्ञानातील प्रत्युदाहरणांचा जो प्रसिद्ध संग्रह १९७० साली काढला, त्यात ते अतिसंबद्ध या अर्थाच्या नावाने आढळतात.

सर्वांत सोपे उदाहरण नैसर्गिक संख्यांचे आहे. ज्या संचातून फक्त सांत संख्या गळाल्या आहेत, तेवढेच संच (आणि रिक्त संच) विवृत मानावेत. असे दोन संच घेतले, तर दोहोंतून मिळून गळालेल्या संख्या सांतच असतात. त्यामुळे उरलेल्या अनंत संख्या दोहोंतही असतात. ते एकमेकांना टाळणार कसे?

या एकसंधतेची किंमत मात्र जबर आहे. अतिसंबद्ध अवकाशावर वास्तव मूल्ये घेणारे प्रत्येक संतत फलन अचल असते. समजा, त्याने दोन भिन्न मूल्ये घेतली; तर त्या मूल्यांभोवती दोन विभक्त अंतराल घेता येतील, आणि ज्या बिंदूंची मूल्ये त्या अंतरालांत पडतात त्यांचे दोन विभक्त, अरिक्त, विवृत संच मिळतील. अतिसंबद्ध अवकाशात हे अशक्य आहे. म्हणजे तेथे तापमान मोजले तर ते सर्वत्र सारखेच, उंची मोजली तर तीही सारखीच. मोजमापाने एक बिंदू दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. हाउसडॉर्फची अट तर अशा अवकाशात एकाहून अधिक बिंदू असल्यास कधीच पुरी होत नाही.

इतकी किंमत देऊनही सर्व प्रकारची एकसंधता पदरात पडते असे नाही. अवकाशात एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत संतत वाट आहे का, हा प्रश्न निराळाच आहे. वर सांगितलेल्या नैसर्गिक संख्यांच्या अवकाशात अशी वाट नाही. वाट म्हणजे ० ते १ या अंतरालावरील संतत फलन. या अवकाशात प्रत्येक एकेरी बिंदू संवृत असल्यामुळे, वाटेने त्या अंतरालाचे परस्परविभक्त संवृत तुकडे पाडले असते, आणि ते तुकडे एकाहून अधिक पण गणनीय असते. शेर्पिन्स्कीने १९१८ साली सिद्ध केले, की असे विभाजन होऊच शकत नाही. तात्पर्य, ज्या अवकाशात कोणतेही दोन विवृत संच एकमेकांस चुकवू शकत नाहीत, तेथेही एक बिंदू सोडून दुसऱ्याकडे जाता येत नाही.

वाट हवी असेल तर अट उलटवावी लागते. कोणतेही दोन अरिक्त संवृत संच एकमेकांस छेदतात, अशा अवकाशास परासंबद्ध म्हणता येईल. त्यात कोणत्याही दोन बिंदूंमध्ये वाट असतेच. उदाहरणार्थ, एक ठराविक बिंदू निवडून, तो ज्यांत नाही असे सर्व संच आणि संपूर्ण संच एवढेच विवृत मानावेत. मग प्रत्येक अरिक्त संवृत संचात तो बिंदू असतो, आणि दुसऱ्या कोणत्याही बिंदूपासून त्याच्यापर्यंतची वाट अशी : शेवटच्या क्षणापर्यंत मूळ जागी थांबावे आणि शेवटच्या क्षणी ठराविक बिंदूवर पोहोचावे. ही वाट विचित्र दिसते, पण व्याख्येप्रमाणे ती निर्दोष संतत आहे.

येथपर्यंत ऐकणाऱ्यास हे सारे बुद्धीचे खेळ वाटण्याचा संभव आहे. मोजमापास जेथे वाव नाही, अशा अवकाशांचा उपयोग काय? याचे उत्तर बैजिक भूमितीने दिले. ऑस्कर झारिस्की याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थितीत, बहुपदींची समीकरणे ज्या बिंदूंवर पुरी होतात, तेवढेच संच संवृत मानले जातात. प्रतलात रेषा, वर्तुळ, अन्वस्त हे संवृत. त्यांच्या बाहेरचा भाग विवृत. आता दोन अरिक्त विवृत संच घेतले, तर एकात पहिली बहुपदी शून्य नसेल असे बिंदू असतात, दुसऱ्यात दुसरी शून्य नसेल असे. दोन्ही बहुपदी शून्याहून भिन्न असल्याने त्यांचा गुणाकारही शून्याहून भिन्न असतो, आणि म्हणून तो ज्यावर शून्य होत नाही असा बिंदू प्रतलात सापडतोच. तो बिंदू दोन्ही संचांत असतो. अशा रीतीने प्रतल अतिसंबद्ध ठरते. नेहमीच्या अर्थाने ज्या प्रतलात दोन दूरदूरची वर्तुळे एकमेकांस शिवतही नाहीत, तेच हे प्रतल. बदलली ती फक्त विभाजनाची साधने.

बैजिक भूमितीत या गुणधर्मास अविघटनीयता म्हणतात, आणि तो साध्या संबद्धतेहून वेगळा ठेवावाच लागतो. एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेषांची आकृती संबद्ध असते, कारण छेदनबिंदू त्यांना जोडून धरतो. परंतु ती दोन रेषांची बनलेली आहे हे भूमितीला विसरता येत नाही. अविघटनीय आकृतीत मात्र असे घटक नसतात. सेर याने १९५५ साली आपल्या विख्यात निबंधाची उभारणी झारिस्की संस्थितीवरच केली, आणि बुर्बाकीच्या ग्रंथमालेत अविघटनीय अवकाशांना स्वतंत्र स्थान मिळाले.

याचा व्यावहारिक लाभही मोठा आहे. कोणताही चौरस सारणिक स्वतःच्या लाक्षणिक समीकरणाचे समाधान करतो, हा केली-हॅमिल्टन सिद्धांत घ्यावा. ज्या सारणिकाची सर्व लाक्षणिक मूल्ये भिन्न आहेत, त्याच्या बाबतीत सिद्धता सोपी आहे. संमिश्र संख्यांवरील सारणिकांच्या अवकाशात असे सारणिक अरिक्त विवृत संच बनवितात, आणि सिद्धांत ज्यांस लागू पडतो त्यांचा संच संवृत असतो. अवकाश अतिसंबद्ध असल्याने तो विवृत संच सर्वत्र दाटलेला असतो; म्हणून त्यास आपल्या पोटात घेणारा संवृत संच म्हणजे सारा अवकाशच. सोप्या सारणिकांसाठी केलेले काम अवघड सारणिकांनाही आपोआप पुरते. जी गोष्ट विश्लेषणात उणीव ठरली, तीच येथे बळ ठरते.

दोन्ही टोकांच्या मधली एक जागाही सांगितली पाहिजे. बिंदू परस्परांपासून वेगळे करता यावेत आणि तरीही गणनीय बिंदूंचा अवकाश संबद्ध असावा, हे शक्य आहे काय? असा पहिला अवकाश उरिसोनने रचला. त्याचा निबंध १९२४ मधील त्याच्या अकाली निधनानंतर १९२५ साली प्रसिद्ध झाला. बिंग व ब्राउन यांनी १९५३ साली अधिक सोपी उदाहरणे दिली. त्यांपैकी ब्राउनच्या उदाहरणाचा सॉलोमन गोलोम्ब याने १९५९ साली धन पूर्णांकांवर विस्तृत अभ्यास केला. यात ज्या अंकगणिती श्रेढींचे पहिले पद व साधारण फरक सहमूळ आहेत, त्या विवृतांच्या पायाभूत मानल्या जातात. कोणत्याही दोन भिन्न संख्यांहून मोठी अशी मूळ संख्या साधारण फरक म्हणून घेतली, की त्या दोन संख्यांपासून निघणाऱ्या श्रेढी एकमेकींस मिळत नाहीत. हाउसडॉर्फची अट पुरी होते. तथापि अवकाश तुटत नाही. एखाद्या विवृत भागात क एवढ्या फरकाची श्रेढी असेल, तर क च्या प्रत्येक पटीभोवतालच्या विवृत श्रेढीचा फरक क शी सहमूळ असतो, आणि बाक्यांविषयीच्या चिनी सिद्धांतानुसार अशा दोन श्रेढी एकमेकींस मिळतातच. म्हणून क च्या सर्व पटी त्या भागाला चिकटून राहतात. अवकाशाचे दोन विवृत भाग पाडले असते, तर प्रत्येक भाग संवृतही असता. एकात क च्या सर्व पटी आल्या असत्या, दुसऱ्यात ख च्या. मग क गुणिले ख ही संख्या दोहोंतही आली असती, आणि हे अशक्य आहे.

याच अवकाशात १८३७ सालचा डिरिश्लेचा सिद्धांत नव्या रूपात दिसतो. पहिले पद व फरक सहमूळ असलेल्या प्रत्येक श्रेढीत मूळ संख्या असतातच, असे तो सांगतो. गोलोम्बच्या भाषेत, मूळ संख्या या अवकाशात सर्वत्र दाटलेल्या आहेत. धन पूर्णांक तेच राहतात. सांत संख्या गाळण्याची रीत विवृत मानली तर ते अतिसंबद्ध होतात. गोलोम्बच्या श्रेढी घेतल्या तर प्रत्येक संख्या वेगळी ओळखता येऊनही अवकाश दुभंगत नाही. आणि प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे विवृत मानली तर सारेच सुटे होतात. म्हणून एखादा संच एकसंध आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गणितज्ञाने प्रथम हे ठरवावे लागते, की त्याला तोडण्यासाठी कोणती हत्यारे हाती दिली आहेत.