ल्यों शहरात जेवायचं कुठं आणि किती पैशांत

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत फ्रान्सच्या प्रवासाचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हापासून एकच विचारणा होतेय. तिथं जेवलात काय आणि ते परवडलं कसं? आता आपल्यातल्या कुणाची लेक परदेशात नोकरीला असते, कुणाचा भाचा शिकायला जातो, कुणाला प्रदर्शनात माल मांडायचं बोलावणं येतं. तेव्हा आज याच विषयावर बोलू.

आम्ही पाच जणी खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनासाठी आठ दिवस ल्योंला होतो. पॅरिस आणि मार्सेयनंतर फ्रान्समधलं हे तिसरं मोठं शहर. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांचा तिथं संगम होतो. जेवणाखाण्यासाठी हे गाव साऱ्या फ्रान्समध्ये नावाजलेलं आहे. आम्हाला जेवणासाठी माणशी रोजचे तीस युरो मिळत होते. एका युरोचे साधारण शंभर रुपये धरले, तर तीन हजार झाले. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण साध्या हॉटेलातलं दुपारचं एक ताट दीड हजाराच्या घरात जातं.

पहिल्याच रात्री खोलीत बैठक बसली ती यावरून. आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "दीड हजारात माझ्या घरी महिन्याचं तेल येतं. मी दशम्या-चटणीवर आठ दिवस काढीन. हे पैसे नातीच्या फीला होतील." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पण दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि पोटात कोरडी दशमी. आपण बायका पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री स्वतःच्या ताटालाच लावतो, हे गटात काम करताना आपण कितीदा पाहिलंय. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठराव झाला. दुपारी प्रत्येकीने बसून एक गरम जेवण घ्यायचंच, त्यात सूट नाही. सकाळ आणि रात्र मात्र स्वस्तात भागवायची. उरेल ते जिचं तिचं.

दुपारीच का, तर फ्रान्समध्ये तेच जेवण दुपारी स्वस्त आणि रात्री महाग असतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी कामावरच्या माणसांसाठी ठरावीक दराचं जेवण असतं. 'प्ला द्यु जूर' म्हणजे आजचा पदार्थ, एकच भरलेली थाळी. आणि 'फोर्म्यूल' म्हणजे दोन पदार्थांचं जेवण, आधीचं आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. आम्हाला थाळी तेरा ते सोळा युरोत मिळाली, फोर्म्यूल अठरा-वीसच्या आसपास. रात्री किंवा रविवारी हे दर बहुधा नसतातच. वेळही पाळावी लागते. बारा वाजता जायचं. दोननंतर गेलात तर चूल थंड झालेली असते. रविवार-सोमवार बरीच ठिकाणं बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

एक शब्द फसवतो. तिथं 'मेन्यू' म्हणजे पदार्थांची यादी नव्हे. मेन्यू म्हणजे ठरावीक दराचं पूर्ण जेवण. यादी हवी असेल तर 'कार्त' म्हणायचं. आणि यादीवरून एकेक पदार्थ निवडत गेलं की बिल फुगतं.

आता ठिकाण निवडायचं कसं? जुन्या ल्योंमध्ये सें-जां नावाची देखणी दगडी गल्ली आहे. तिथं पावलापावलावर हॉटेल. दारात माणूस उभा राहून बोलावतो, पाटीवर पदार्थांचे रंगीत फोटो, पाच-सहा भाषांत नावं. गल्ली जरूर बघा, जेवायला दोन-चार गल्ल्या पलीकडे जा. चांगल्या जागेची खूण म्हणजे बाहेर काळी पाटी आणि त्यावर खडूने लिहिलेले मोजके पदार्थ. रोज पुसून रोज लिहितात, म्हणजे सकाळी बाजारातून आणलेलंच शिजतं. चाळीस पदार्थांची यादी दिसली, तर त्यातलं किती फ्रीजरमधून येत असेल ते आपल्याला कळतंच, आपणही स्वयंपाकघरातल्याच बाया. शिवाय २०१४ पासून तिथं एक खूण चालते, पातेल्यावर घराचं छप्पर. 'फे मेजों' म्हणजे त्याच जागी, कच्च्या मालापासून बनवलेलं. दर बाहेर लावणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे दारातच हिशेब करा, आत जाऊन लाजायची वेळ येत नाही. आणि आत कोण बसलंय ते बघा. बांधकामावरचे गडी, ऑफिसातली माणसं जेवत असली की खुशाल शिरा.

ल्योंच्या खास खानावळींना 'बुशों' म्हणतात. छोटी जागा, खेटून लावलेली टेबलं, चौकड्यांचे रुमाल. एके काळी क्रुवा-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणारे हजारो कारागीर राहायचे. मजुरीच्या दरावरून १८३१ साली त्यांनी मोठा उठाव केला होता. अशा कष्टकऱ्यांची भूक भागवणारं, स्वस्त मांसाचं, पोटाला आधार देणारं जेवण म्हणजे बुशोंचं जेवण.

आणि या शहराचं नाव मोठं केलं ते बायांनी. त्यांना तिथं 'मेर' म्हणतात, म्हणजे आई. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या कितीतरी बायांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यातली युजेनी ब्राझिये शेतकऱ्याची पोर, १८९५ सालची. लहानपणी डुकरं राखली. विशीच्या आत लग्नाशिवाय मूल झालं, बापाने घराबाहेर काढलं. ल्योंला येऊन मोलकरीण झाली, मग मेर फिलियू नावाच्या बाईंच्या खानावळीत हात तयार केला. १९२१ साली स्वतःची जागा उघडली. १९३३ साली तिच्या दोन्ही हॉटेलांना मिशलॅंच्या पुस्तकाने तीन-तीन तारे दिले. त्याहून वरचा मान तिथं नाही. पुढे जगभर गाजलेला पॉल बोक्यूज हा आचारी तिच्याच हाताखाली शिकला. तिचं हॉटेल आजही आहे, पण आता ते फार महाग. आम्ही दारावरचं नाव वाचून पुढे गेलो. मावशी मात्र तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या.

आमच्यात एक वहिनी माळकरी. त्यांची खरी पंचाईत. बुशोंमध्ये सगळं डुकराचं, गाईचं. आंदुयेत म्हणजे आतड्यांची सॉसेज, ताब्लिये द सापर म्हणजे वजडीचा तुकडा पाव-चुऱ्यात तळलेला. ल्योंच्या सॅलडमध्येसुद्धा डुकराचे तुकडे नि अंडं. केनेल दिसतं मऊ पांढरं, पण त्यात बहुधा मासा असतो. कांद्याचं सूपही पुष्कळदा हाडांच्या पाण्यात करतात. म्हणून 'सां व्हियांद, सां प्वासों', म्हणजे मांस नको, मासा नको, हे कागदावर लिहून न्यावं आणि दाखवावं. त्यांना चाललं ते दुधा-सायीत भाजलेलं बटाट्याचं ग्रातँ, हिरवं सॅलड आणि 'सेर्व्हेल द कानू'. या नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू'! वहिनी ऐकून उठल्याच होत्या. पण तो निघाला आपल्या चक्क्यासारखा पदार्थ, त्यात लसूण, पातीसारखी हिरवी पानं, तेल आणि व्हिनेगर. कुठेकुठे थोडी पांढरी वाइन घालतात, माळकऱ्यांनी आधी विचारावं. दोन दिवस आम्ही गियोतियेर भागात गेलो. तिथं अरबी, आशियाई लोकांची स्वस्त हॉटेलं आहेत. वाटलेल्या हरभऱ्यांच्या तळलेल्या फलाफलवर वहिनी खूश झाल्या.

पाण्याचं सांगते. 'ओ' म्हटलं तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी सुरईत मिळतं, जेवणाबरोबर फुकट. चांगलं असतं. पाव जेवणाबरोबर येतो, संपला तर पुन्हा मागा, त्याचे पैसे नाहीत. दोघींत एक थाळी मागवणं तिथं बरं दिसत नाही. पण उरलेलं बांधून मागता येतं, २०२१ पासून मागितलं तर ते द्यावंच लागतं. मावशींनी ही सोय रोज वापरली.

सकाळी बेकरीतून पाव आणि कॉफी, तीन युरो. कॉफी टेबलावर बसून घेण्यापेक्षा काउंटरपाशी उभ्याने घेतली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते. रात्रीसाठी सोनकाठच्या सेंत-आंत्वान बाजारातून फळं, चीज, टोमॅटो आणायचो. हा बाजार सकाळी भरतो, सोमवारी नसतो. खोलीत आमची शेंगदाण्याची चटणी होतीच. पाच युरोत भागायचं. दुपारचे सोळा धरून दिवसाचे चोवीस झाले. माणशी रोज सहा उरले, आठ दिवसांत अठ्ठेचाळीस युरो. मावशींच्या नातीची फी त्यातून पूर्ण निघाली नाही, निम्मी निघाली. पण आठही दिवस त्या स्टॉलवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांत जास्त मसाला त्यांनीच विकला.

टीपचं पुष्कळ जणींनी विचारलंय. दरात कर आणि सेवा दोन्ही धरलेली असते, त्यामुळे सक्ती नाही. जेवण आवडलं तर एक-दोन नाणी ठेवावीत. बिल मात्र ते आपणहून आणत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास वाट बघत बसलो होतो. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणायचं, की लगेच आणतात.