वेड वाढले की मोजणी?



ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. 'याला ठाण्याला पाठवा' ही आपली जुनी थट्टा. तिच्या धाकाने किती घरांनी आपला माणूस माजघरात दडवला, 'बाहेरची बाधा' म्हणून वेळ मारून नेली, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? २०१५-१६ साली १२ राज्यांत घरोघर विचारणा झाली, तेव्हा शंभर प्रौढांत दहाजण आजारी निघाले. बहुतेकांना उपचार नव्हते.

डोंबिवलीची लोकल, एकटी बिऱ्हाडे यांनी मनाचा ताण वाढतो, हे मला मान्य आहे. पण नुसत्या लोकलने कोणाला स्किझोफ्रेनिया होत नाही! आज कल्याणची एखादी सून 'झोप लागत नाही' म्हणत आपल्या पायांनी डॉक्टरांकडे जाते. तिची आजेसासू अंगात येईपर्यंत कोणाला दिसलीच नव्हती.